विश्लेषणालाही लेबल हवे

कीटक संग्रहातील प्रत्येक नमुन्याच्या टाचणीला एक चिमुकले लेबल असते. त्यावर स्थळ, दिनांक, यजमान पीक आणि संग्राहकाचे नाव लिहिलेले असते. लेबल हरवले की नमुना कितीही देखणा असला, तरी त्याचे संशोधनमूल्य जवळजवळ संपते. दिल्लीच्या राष्ट्रीय पुसा कीटक संग्रहापासून कृषी महाविद्यालयातील जुन्या लाकडी पेटीपर्यंत ही शिस्त सर्वमान्य आहे. मात्र याच नमुन्यांच्या नोंदींवरून संगणकावर किडींच्या प्रसाराचे नकाशे तयार होतात, तेव्हा ते काम कोणत्या लायब्ररीच्या कोणत्या आवृत्तीने केले, हे बहुधा कोठेही लिहिलेले नसते.

या दुर्लक्षाची पहिली झळ बसते ती सॉफ्टवेअरच्या बिल्डमधील त्रुटींतून. ‘आर’ प्रणालीत नकाशांसाठी वर्षानुवर्षे वापरली गेलेली आरजीडाल, आरजीओएस आणि मॅपटूल्स ही पॅकेजे ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. त्यांच्यावर बेतलेली आज्ञावली नव्या संगणकावर सहजी चालत नाही. जुने पॅकेज मूळ संहितेतून बांधावे, तर ते जीडाल आणि प्रोज या ज्या लायब्ररींवर उभे आहे, त्यांच्या नव्या आवृत्त्यांशी त्याचे जुळेलच असे नाही. पायथनमध्येही जून २०२४ मध्ये नमपाय २.० आले आणि नमपाय १ साठी संकलित केलेली अनेक पॅकेजे सुरू होतानाच अडू लागली.

अशा वेळी दिसेल ते पॅकेज अद्ययावत करत सुटणे म्हणजे किडीची ओळख न पटवता फवारणी करण्यासारखे आहे. निदान आधी व्हावे. पडद्यावर शेवटी दिसणारी त्रुटी बहुतेकदा परिणाम असते. कारण पहिल्या त्रुटीत दडलेले असते. हेडर फाइल सापडत नसेल, तर लायब्ररीच्या विकसनासाठी लागणाऱ्या फाइल बसवलेल्या नसण्याची शक्यता अधिक. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ असा संदेश आला, तर लायब्ररी जोडायची राहिली आहे किंवा हेडर एका आवृत्तीचे आणि लायब्ररी दुसऱ्या आवृत्तीची आहे, हे तपासावे. एकाच संगणकावर लायब्ररीच्या दोन प्रती नांदत असतील, तर प्रत्यक्षात कोणती उचलली जाते, हे लिनक्सवर ‘एलडीडी’ या आज्ञेने कळते. त्यानंतर अर्धवट बिल्डचे अवशेष पुसून, एका वेळी एकच बदल करून पुन्हा प्रयत्न करावा. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या, तर गुण कशाने आला हे प्रक्षेत्रावर कळत नाही, तसे येथेही कळत नाही.

तरीही बिल्डची त्रुटी प्रामाणिक म्हटली पाहिजे. ती काम थांबवते आणि दोष उघड करते. त्याहून धोकादायक आहे तो मूक बदल. एप्रिल २०१९ मध्ये आलेल्या आर ३.६.० मध्ये यादृच्छिक निवड करणाऱ्या ‘सॅम्पल’ या फंक्शनची मूळ पद्धत बदलली. बदल योग्यच होता, कारण जुन्या पद्धतीत सूक्ष्म पक्षपात होता. परंतु त्यामुळे तोच बीजांक देऊनही प्रक्षेत्र चाचणीतील प्रक्रियांची मांडणी वेगळी येऊ शकते, आणि त्रुटीची एक ओळही उमटत नाही. आवृत्तीची नोंद नसेल, तर ही तफावत का पडली हे शोधण्यात संशोधकाचे आठवडे जातात.

प्रबंधाच्या ‘साहित्य व पद्धती’ प्रकरणात इमामेक्टिन बेन्झोएट ५ टक्के एसजी असा काटेकोर उल्लेख होतो. विश्लेषणाबाबत मात्र ‘आर वापरून’ एवढ्यावर भागवले जाते. हा भेद आता मिटवायला हवा. आरमध्ये ‘सेशनइन्फो’ने मिळणारी यादी, ‘आरएन्व्ह’ची लॉक फाइल किंवा पायथनमधील ‘पिप फ्रीझ’ची यादी प्रबंधाला व प्रकल्प अहवालाला जोडणे सक्तीचे व्हावे. प्रत्येक प्रकल्पाचे संगणकीय परिसर वेगळे ठेवावेत. ही जबाबदारी एकट्या विद्यार्थ्यावर न सोडता मार्गदर्शकाने ती तपासावी.

आवृत्त्या कायमच्या गोठवून ठेवाव्यात, असा याचा अर्थ नाही. सुरक्षेसाठी आणि दोषनिवारणासाठी अद्ययावत होणे अटळ आहे. मात्र जुना निकाल कशावर उभा होता हे ठाऊक असेल, तरच नव्या आवृत्तीवरचा निकाल त्याच्याशी ताडून पाहता येतो. किडीच्या प्रादुर्भावाचा अंदाज शेवटी शेतकऱ्यासाठीच्या सल्ल्यात उतरतो आणि त्या सल्ल्यावर तो फवारणीचा खर्च करतो. तो अंदाज पुढच्या हंगामात दुसऱ्या संगणकावर पडताळता आला पाहिजे, ही अपेक्षा अवाजवी नाही.