घरकुलाचा हिशेब आधी आपल्या वहीत



मागच्या बैठकीत घरकुलाचा विषय निघाला तेव्हा आपले एक जुने साथी म्हणाले, "विटा-सिमेंट मोजणं हे संघटनेचं काम नाही. आपली लढाई जमिनीची. घराचं काय ते सरकार बघेल." मी तेव्हा गप्प बसले. मोठ्या माणसापुढे लगेच तोंड उघडत नाही. पण मला ते पटलं नाही, म्हणून इथे लिहिते.

आम्हा तुंगार्लीच्या पोरांना बांधकाम शिकायला लांब जावं लागत नाही. नजर टाकाल तिकडे बंगला. त्यातल्या कितीतरी बंगल्यांचे पाये आपल्या माणसांनी खणले, विटा आपल्या बायांनी चढवल्या. मी पण बारावीच्या सुट्टीत दोन महिने घमेलं उचललंय. तिथे एक गोष्ट पाहिली. मालक मुंबईचा, पैशाला तोटा नाही, तरी पहिली कुदळ पडायच्या आधी त्याच्या इंजिनियरच्या हातात कागद तयार होता. डबर किती ब्रास, विटा किती हजार, सिमेंट किती गोण्या. गोणी उतरली की मुकादम वहीत टिपायचा. फुटलेली वीटसुद्धा विचारायचा. ज्याच्याकडे पैसाच पैसा तो असा मोजतो. आणि ज्याला आयुष्यात एकदाच घराचे पैसे मिळणार, तो न मोजता घर काढतो!

माझ्या मावशीचं घर खिडकीच्या उंचीला येऊन थांबलंय. तिने एका ठेकेदाराला सगळं उक्तं दिलं. पहिला हप्ता आला तो त्याने नेला. जोत्याचा फोटो निघाला, दुसरा हप्ता आला, तोही गेला. मग म्हणाला पैसे संपले. संपले असतीलही, मी खोटं कशाला म्हणू? पण मावशीला विचारलं, विटा किती लागल्या, तर म्हणते, "मला काय म्हाईत गं, ट्रॅक्टर येत व्हते." दोन पावसाळे त्या भिंतींनी उघड्यावर खाल्ले. वरच्या थरातल्या विटा आता हाताने निघतात. मावशी आहे त्याच कारवीच्या कुडात.

आता पैसे बघू. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये सपाटीला १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागाला १ लाख ३० हजार रुपये धरलेत. आपण कातकरी आदिम जमातीत येतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये पीएम-जनमन योजना निघाली, तिच्यात घराला २ लाख आहेत. शौचालयाचे १२ हजार वेगळे. शिवाय आपल्याच घराच्या कामावर रोजगार हमीचे ९० दिवस मिळतात. २०२५-२६ चा दर ३१२ रुपये, म्हणजे २८ हजार ८० रुपये होतात. हे पैसे मस्टर निघालं तरच येतात. ठेकेदाराच्या घाईत मस्टरची आठवण कुणालाच राहत नाही, आणि ते तसेच बुडतात.

घर किमान २५ चौरस मीटर पाहिजे, स्वयंपाकाची जागा धरून. म्हणजे २६९ चौरस फूट. २ लाखाला भागा, फुटाला ७४३ रुपये पडतात. १ लाख २० हजाराला भागा, ४४६ रुपये. पाया, जोतं, भिंती, दारं, छप्पर, सगळं त्यातच. हा आकडा कमीच आहे, तो वाढवून मागायला आपण मोर्चा काढूच. पण मोर्चात बोलायलाही हिशेब लागतो. नुसतं "पुरत नाही" म्हटलं की साहेब हसतो. किती पुरत नाही आणि कशात पुरत नाही, ते वहीतून वाचून दाखवलं की हसत नाही.

तर मोजायचं कसं? साडेसोळा बाय साडेसोळा फुटांची चौकोनी खोली धरा. चारी भिंती मिळून ६६ फूट लांब. उंची १० फूट, झाले ६६० चौरस फूट. दार-खिडक्यांचे ६० वजा करा, ६०० उरले. आपल्या भट्टीच्या विटेची नऊ इंची भिंत घातली तर चौरस फुटाला साधारण १० विटा लागतात, म्हणजे ६ हजार. फुटतुटीला आणखी ३०० धरा. चार इंची घातली तर निम्म्या विटा, पण मग मधे खांब द्यावे लागतात आणि आपल्याकडचा पाऊस तिला मानत नाही. नऊ इंची भिंतीच्या जुडाईला सोळाएक गोण्या सिमेंट जातं. गिलाव्याला १०० चौरस फुटाला एक गोणी धरायची. हे काही अवघड नाही, सातवीच्या पोराला येईल. विटेचा आकार बदलला की आकडा बदलतो, म्हणून आपल्या गवंड्याकडून एकदा तपासून घ्या.

वहीत दराची जागा मात्र रिकामी सोडा. दुकानातला दर लिहू नका, वाडीवर पोचलेला दर लिहा. सगळी मेख इथेच आहे. तुंगार्लीहून राजमाचीच्या वाटेला लागा, मग कळेल. पावसात त्या रस्त्यावर ट्रॅक्टरचं चाक रुततं. आणि जिथे गाडीचा रस्ता संपतो तिथून डोकं सुरू होतं. बाईने एका खेपेला १० विटा नेल्या तर ६ हजार विटांच्या ६०० खेपा होतात. वाळू, सिमेंट, पाणी वेगळं. या खेपांची मजुरी मी पाहिलेल्या एकाही कागदावर नव्हती. घरच्याच बाया नेतात, म्हणून ती फुकट धरली जाते.

स्लॅबचा हट्ट सोडा असंही माझं म्हणणं आहे. राग येईल, मलाही स्लॅब आवडतो. रोज बंगले बघून बघून डोळ्यात तेच बसलंय. पण लोणावळ्याला वर्षाला ४ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि कमी सळईचा, कमी सिमेंटचा स्लॅब दुसऱ्या वर्षी गळायला लागतो. त्यापेक्षा जोतं उंच घ्या, पत्रा किंवा कौलं भिंतीच्या दोन फूट बाहेर काढा, उरलेले पैसे गिलाव्याला घाला. पाया दिवाळीनंतर, भिंती शिमग्यापर्यंत, मृगाआधी छप्पर. हप्ता वैशाखात आला तर जोतं करून थांबा. भिंत उचलायची नाही, सिमेंट भरून ठेवायचं नाही. दमट हवेत गोणीचा दगड होतो.

आणि योजनेच्या नियमात लिहिलेलं आहे की घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचं, ठेकेदार नेमायचा नाही. हे वाडीवाडीत मोठ्याने वाचा. पासबुक घरात ठेवा.

आता आमच्या जुन्या साथींच्या मुद्द्यावर येते. जमीन आधी, हे खरंच. आपल्या कितीतरी वाड्या मालकाच्या नाहीतर जंगलखात्याच्या जागेवर आहेत. कागद नाही म्हणून घरकुलाच्या यादीतलं नाव मागे राहतं. नगरपरिषदेच्या हद्दीतल्यांना शहरी योजना लागू होते, रक्कम अडीच लाख, पण तिथेही पहिला प्रश्न जागेचाच. २००६ च्या वनहक्क कायद्यात नुसतं कसणं नाही, राहणंही धरलंय. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जंगलजमिनीवर राहत असाल तर घराखालच्या जागेचा दावा करता येतो, तो करायचाच. पण दादा, मला याची दुसरी बाजूही दिसते. मावशीच्या अर्धवट भिंतींकडे बोट दाखवून परवा जागेचा मालक म्हणाला, "इथं कोण राहतंय? नुसता राडारोडा पडलाय." पडकी भिंत आपल्याच विरुद्ध साक्ष देते. मग विटा मोजणं हे जमिनीचं काम नाही, असं कसं म्हणता?

येत्या अमावस्येला कामाला खाडा असतो. त्या दिवशी आम्ही मावशीच्या सैल भिंती उतरवणार आहोत. ज्या विटा साबूत निघतील त्या मोजून वहीच्या पहिल्या पानावर जमा करायच्या. ज्या गवंडी साथींना जमेल त्यांनी थापी आणि ओळंबा घेऊन सकाळी लवकर या. भाकरी आमच्याकडे.