प्रकल्प कुणाचा?

'प्रकल्प' हा शब्द वहीत उतरताच पालकांची पावले स्टेशनरीच्या दुकानाकडे वळतात. चित्रे विकत येतात, मजकूर पालक लिहून देतात आणि गुण विद्यार्थ्याला मिळतात. अभ्यास नेमका कुणाचा झाला, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

वस्तुतः संगणकावर उत्तमोत्तम साधने आज विनामूल्य उपलब्ध आहेत. २००४ साली ब्रिटनमध्ये आरंभ झालेले 'ओपनस्ट्रीटमॅप' हे त्यांपैकीच एक. जगाचा हा नकाशा स्वयंसेवकांनी घडविला असून कोणीही त्यात भर घालू शकतो. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा देशोदेशींच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून तेथील राजधानीचे रस्ते अल्पावधीत रेखाटले. मदतपथकांना त्या नकाशाचा मोठा आधार झाला.

हेच कार्य आठवीचा वर्ग आपल्या गावासाठी करू शकतो. शाळेत एकच संगणक असला तरी अडत नाही. नकाशाची छापील प्रत घेऊन मुलांनी गाव पायी हिंडावे. विहीर, बारव, पार, पाणवठा यांच्या जागा पेन्सिलीने टिपाव्यात, वडीलधाऱ्यांना विचारून नावे पडताळावीत आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली ती देवनागरीत नोंदवावीत. दुसऱ्या नकाशातून नक्कल करणे मात्र तेथे नियमबाह्य आहे. त्यामुळे प्रत्यक्ष पाहण्यावाचून गत्यंतर नाही, आणि खरे शिक्षण तेथेच घडते.

विकतचा प्रकल्प वर्षअखेरीस रद्दीत जातो. मुलांनी नोंदविलेली बारव उद्याच्या वाटसरूला सापडेल. घेतलेल्या ज्ञानात आपली भर घालून ते समाजाला परत देण्याचा हा संस्कार शाळांनी अवश्य रुजवावा.