वेदनेची गोळी आणि कायद्याचा लगाम

२०१८ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारे एक गृहस्थ पत्नीला घेऊन दवाखान्यात आले. दोन रात्री झोप नाही, अंगाला दरदरून घाम, हातपाय थरथरताहेत, नाकाडोळ्यांतून पाणी आणि पोटात कळा. ताप म्हणावा, तर थर्मामीटर काही दाखवीना. शेवटी पत्नीनेच पिशवीतून रिकामी पाकिटे काढून टेबलावर ठेवली. म्हणाली, "डॉक्टरसाहेब, ह्या गोळ्या दुकानात मिळंनाशा झाल्यापासनं हे असं चाललंय."

पाकिटे ट्रामाडॉलची होती. दीड वर्षापूर्वी कंबरदुखीसाठी ही गोळी पाच दिवसांपुरती मीच लिहून दिली होती. त्या एका चिठ्ठीवर दीड वर्ष गोळ्या मिळत राहिल्या आणि दिवसाला दोनाच्या आठ कधी झाल्या ते घरात कोणालाच कळले नाही. गृहस्थ दारूला शिवत नव्हते. 'औषधच तर घेतोय' अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

ट्रामाडॉल हे अफूच्या गुणाचे, पण खसखशीच्या बोंडाशी संबंध नसलेले, कारखान्यात तयार होणारे औषध. शस्त्रक्रियेनंतरच्या किंवा कर्करोगाच्या दुखण्यात ते उपयोगी पडते. परंतु रोज घेतले की शरीराला त्याची सवय लागते. मग तेवढ्याच आरामासाठी मात्रा वाढवावी लागते आणि बंद केले की वर सांगितलेली लक्षणे सुरू होतात. मात्रा फार वाढली तर फिट येते. दारू किंवा झोपेच्या गोळीबरोबर घेतले तर श्वासच मंदावतो.

आता कायद्याकडे वळू. अमली पदार्थांविषयीचा आपला मुख्य कायदा १९८५ चा. ट्रामाडॉल पुष्कळ वर्षे त्याच्या बाहेर होते. १ मार्च २०१४ पासून औषधांची 'एच-१' ही यादी लागू झाली. तिच्यातील औषध विकताना डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव आणि गोळ्यांची संख्या वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपणे औषध दुकानदारावर बंधनकारक झाले. ट्रामाडॉल त्या यादीत होते. तरीही चिठ्ठीवाचून विक्री होतच राहिली. अखेर एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारने ट्रामाडॉल १९८५ च्या कायद्याखाली आणले. त्यात ५ ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण, तर २५० ग्रॅमपासून पुढे व्यापारी प्रमाण ठरले. म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या १०० गोळ्या आणि ५,००० गोळ्या असा हिशेब झाला. व्यापारी प्रमाणाला किमान दहा वर्षे सक्तमजुरी आहे. रीतसर चिठ्ठीवर औषध घेणारा रुग्ण मात्र गुन्हेगार ठरत नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

हा कायदा योग्यच झाला, असे माझे मत आहे. पण कायदा झाला म्हणून काम संपत नाही. कायदा एका नावाला बांधतो आणि धंदेवाला दुसरे नाव शोधतो. ट्रामाडॉल आवळल्यावर त्याचाच भाऊबंद असलेल्या टॅपेन्टाडॉलचा गैरवापर वाढला. टॅपेन्टाडॉल आणि स्नायू सैल करणारे कॅरिसोप्रोडॉल यांचे मिश्रण मुंबईच्या एका कंपनीकडून पश्चिम आफ्रिकेत जात असल्याचे बीबीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये उघड केले. त्यानंतरच सरकारने त्या मिश्रणाचे उत्पादन आणि निर्यात यांना दिलेल्या परवानग्या मागे घेण्याचे पाऊल उचलले. आधी तरुण पिढी नासते आणि मग अधिसूचना निघते, असा हा क्रम आहे.

आपल्या भागाला हा क्रम नवा नाही. एम.डी. म्हणजे मेफेड्रॉन फेब्रुवारी २०१५ मध्ये कायद्याखाली आले, तोवर ते मुंबईच्या गल्लीबोळांत पसरले होते. हा पदार्थ अफूच्या जातीचा नाही. तो उत्तेजक आहे. पण तोही प्रयोगशाळेतलाच. २०२४ मध्ये कुपवाडला आणि कवठेमहांकाळ तालुक्यातील इरळीला त्याचे मोठे साठे सापडले. डिसेंबर २०२५ मध्ये जावळी तालुक्यातील सावरीला छापा पडला. अफूला शेत लागते, पाऊस लागतो. या पदार्थांना एक शेड आणि रसायनांचे पिंप पुरते. म्हणून एकेका नावाऐवजी रासायनिक कुळालाच बंदी घालण्याची वाट चीनने मे २०१९ मध्ये फेंटानिलच्या बाबतीत धरली. मॉर्फिनपेक्षा पन्नास ते शंभर पट तीव्र असलेल्या या पदार्थाने अमेरिकेत काय अनर्थ केला, ते जगाने पाहिले आहे. आपणही वेळेवर त्या वाटेचा विचार करावा.

मात्र येथे एक मोठा धोका आहे, आणि तो सांगण्यासाठीच हा लेख लिहिला.

जत तालुक्यातील एका आजींना गर्भाशयाचा कर्करोग होता. रोग हाडांत उतरलेला. रात्रभर त्यांचे कण्हणे शेजारच्या चार घरांना ऐकू जाई. मुलगा मॉर्फिनच्या गोळ्यांसाठी हिंडला. एकीकडे साठा नाही, दुसरीकडे परवाना नाही, तिसरीकडे 'कशाला भानगडीत पडता' हा सल्ला. गोळ्या मिळाल्या तेव्हा आजींचे अकरा दिवस उरले होते. ते अकरा दिवस त्या शांत झोपल्या.

१९८५ च्या कायद्यानंतर नेमके हेच देशभर घडले. शिक्षेच्या आणि परवान्यांच्या धास्तीने दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. १९९७ पर्यंत देशातला त्याचा औषधी वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घटून वर्षाला १८ किलोवर आला. आणि औषधी अफू पिकवणारा देश आपलाच! केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे झगडले, तेव्हा २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फिन, फेंटानिल, कोडीन यांसारख्या सहा औषधांसाठी निरनिराळ्या परवान्यांऐवजी राज्याच्या औषध प्रशासनाची एकच मान्यता पुरेशी ठरली. तरीही किती तालुक्यांच्या गावी आज मॉर्फिन मिळते, हे वाचकांनी स्वतःच विचारून पाहावे. मिरजेसारखी डॉक्टरांची पेठ जवळ असून जतच्या आजींनी कण्हत का राहावे?

म्हणून माझे म्हणणे असे. नव्या नशेच्या गोळ्यांवर कायदा कडक असावाच; पण प्रत्येक नव्या बंधनाबरोबर रुग्णाला ते औषध कोठे आणि कसे मिळेल, याची सोयही त्याच आदेशात असावी. तपासणी दुकानातल्या एच-१ च्या वहीची व्हावी, रुग्णाच्या उशाची नव्हे. आम्ही डॉक्टरांनी चिठ्ठीवर दिवसांची संख्या अक्षरात लिहावी आणि दुकानदार बंधूंनी जुनी चिठ्ठी परत पाठवावी. घरच्यांनी अंगदुखीच्या गोळीचे नाव विचारून घ्यावे. सवय लागलीच असेल तर गोळी एकदम तोडू नये. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने सुटते. साताऱ्याची 'परिवर्तन', पुण्याचे 'मुक्तांगण' ही माहितीची ठिकाणे आहेत. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही सरकारी दूरध्वनी सेवा आहे, आणि चोरट्या विक्रीची खबर १९३३ वर देता येते.

ते हमाल गृहस्थ तीन महिन्यांत गोळीतून सुटले. कंबर अजून दुखते, पण शेक, व्यायाम आणि साधी औषधे यांवर भागते. त्यांच्यासाठी कायदा हवा होता. जतच्या आजींसाठी तो थोडा सैल हवा होता. दोघेही आपल्याच जिल्ह्यातले होते, हे कायदा करणाऱ्यांनी आणि राबवणाऱ्यांनी विसरू नये.