पायाखालचे वन

वन म्हटले की आपली दृष्टी सहजच वर जाते. उंच वृक्ष, दाट पालवी आणि तीतून झिरपणारे ऊन, एवढ्यालाच आपण वन मानतो. मुळांखालच्या मातीचा विचार क्वचितच कोणी करतो. फिनलंड देशाची हकीकत वाचल्यावर ही समजूत किती अपुरी आहे, हे आम्हांला उमगले.

त्या देशाचा सुमारे एकतृतीयांश भूभाग मूळचा पीटभूमीचा, म्हणजे दलदलीतील काळ्या मातीचा. तेथील थंड, पाणथळ जागी स्फॅग्नम नावाचे शेवाळ वाढते. ते मेल्यावर पाण्याखाली पुरेशा प्राणवायूच्या अभावी पुरते कुजत नाही. थरावर थर साचतो. हा थर वर्षाकाठी जेमतेम एक मिलिमीटर वाढतो; परंतु हिमयुग सरल्यापासून सुमारे १०,००० वर्षे हा संचय चालला आहे. जगाच्या जमिनीपैकी केवळ ३ टक्के जमीन अशी आहे. तरी सर्व अरण्यांतील वृक्षांत मिळून नाही एवढा कर्ब तिच्या पोटात आहे.

विसाव्या शतकात, विशेषतः १९५० नंतरच्या तीन दशकांत, फिनलंडने या भूमीत चर खणून पाणी काढून दिले. हेतू वाईट नव्हता. युद्धाने होरपळलेल्या राष्ट्राला लाकूड हवे होते. निम्म्याहून अधिक पीटभूमी कोरडी झाली, तिच्यावर वृक्षही जोमाने वाढले. परंतु पाणी ओसरताच मातीत प्राणवायू शिरला आणि युगायुगांची ठेव कुजून कर्बवायूच्या रूपाने हवेत जाऊ लागली. सुपीक पीटभूमीतून नायट्रस ऑक्साइडही निघतो. उष्णता कोंडण्यात तो वजनास वजन कर्बवायूच्या अडीचशे पटींहून प्रबळ आहे.

चर बुजवले तर पाणी चढून मिथेन निघेल, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. परंतु मिथेन सुमारे बारा वर्षांत विरतो, कर्बवायू मात्र शतकानुशतके साचत राहतो. म्हणून निदान सुपीक पीटभूमीतील पाणी पुन्हा वर आणावे, असे आमचे मत आहे.

मात्र याचा भार कोणी सोसावा? तेथील बरीच वने सामान्य कुटुंबांच्या मालकीची आहेत. आजोबांनी सरकारी उत्तेजनाने चर खणले. त्याचा दंड नातवाने एकट्याने का भरावा? ज्या राष्ट्राने लाकडाचे उत्पन्न खाल्ले, त्यानेच नुकसानीचा वाटा उचलावा, हाच न्याय होय. २०२२ च्या कायद्याने फिनलंडने २०३५ पर्यंत कर्बाचा जमाखर्च समतोल करण्याचे ध्येय ठरविले. मातीचे खाते न उघडता तो जमाखर्च जुळणार कसा?

आम्हीही शाळेत रोपे लावतो आणि त्यांची संख्या अभिमानाने सांगतो. यापुढे ती मोजताना क्षणभर खाली वाकून मातीकडेही पाहू या. वाढलेले झाड सर्वांना दिसते. झिजलेली माती कोणालाच दिसत नाही.