गाडी चमकू दे, रस्ता पुसू नका

गोव्याच्या पेडणे तालुक्यात हळर्णच्या किल्ल्यापाशी गाडीचा फोटो काढायचा असेल तर सूर्य बुडाल्यानंतरची पहिली वीस मिनिटे धरावीत. ऊन असेतोवर तांबड्या चिऱ्याची झाक दरवाजांच्या खालच्या पत्र्यात उतरते आणि पांढरी गाडी गुलाबी दिसते. सूर्य गेला की उजेड सगळीकडून सारखा येतो, पत्र्याची वळणे नीट उमटतात. पुढचे चाक थोडे वळवून ठेवायचे म्हणजे रिम कॅमेऱ्याकडे तोंड करते. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर धरायचा. भिंगावरचा पोलरायझर फिरवला की काचेवरचे झाडांचे प्रतिबिंब जाते, पण तेवढ्यात बॉनेटवरचे परत येते. मग तिपाई न हलवता दोन कोनांत दोन फोटो घ्यायचे आणि घरी बसून एकातली काच दुसऱ्यातल्या बॉनेटशी जोडायची. हे सगळे हौशी पोरे एकमेकांचे बघून शिकतात. या कसबाबद्दल मला मनापासून आदर आहे.

पुढच्या पायरीबद्दल मात्र बोलायला हवे. जोडकाम झाले की पुसापुशी सुरू होते. विजेचा खांब जातो, तारा जातात, मागून जाणारी स्कूटर जाते, दुकानाची पाटी जाते, नंबरप्लेट कोरी होते. शेवटी आकाशही बदलते आणि पेडण्याच्या गाडीवर कुठल्यातरी परक्या देशातले ढग येतात. तयार फोटो मित्रांकडे रवाना होतो आणि फोनमध्ये जागा नाही म्हणून मूळ फाइल उडवली जाते. माझी तक्रार आहे ती या शेवटच्या कृतीबद्दल.

पेडण्याचा हौशी छायाचित्रणाशी संबंध आजकालचा नाही. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे घराणे मांद्र्याचे. भाऊ आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी मुंबईत वैद्यक शिकले, आणि १८५४ मध्ये तिथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली तेव्हा या नव्या विद्येत रस घेणाऱ्या पहिल्या भारतीयांत हे दोघे होते. नारायण दाजींचा पेशा डॉक्टरकीचा, कॅमेरा हौसेचा. त्यांनी मुंबईतल्या निरनिराळ्या जमातींची आणि कारागिरांची छायाचित्रे काढली. त्या काळी काचेवर ओले रसायन लावून ते वाळायच्या आत फोटो घ्यावा लागे; वाळले की काच वाया. इतक्या खटाटोपातून निघालेले चित्र कोणी सहज फेकून देत नसे. हौस महाग होती म्हणून जपणूकही होती.

मोटारीच्या छायाचित्रणातला सगळ्यांत प्रसिद्ध फोटोसुद्धा एका हौशी मुलाचाच आहे. फ्रान्सच्या झाक आंरी लार्तीगने तो ग्रां प्री शर्यतीत घेतला, तेव्हा तो विशीच्या आत होता. धावत्या गाडीबरोबर त्याने कॅमेरा फिरवला, ज्याला आपली पोरे पॅनिंग म्हणतात तेच. त्याच्या कॅमेऱ्याच्या शटरची फट हळूहळू सरकत होती, त्यामुळे चित्राचा प्रत्येक थर वेगळ्या क्षणी टिपला गेला. चाक लंबगोल होऊन पुढे झुकले, कडेची माणसे आणि खांब मागे कलंडले. वेगाचे इतके जिवंत चित्र त्याआधी क्वचितच कुणी पाहिले असेल. १९६३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्याचे प्रदर्शन भरले तेव्हा कुठे जगाला हा माणूस कळला. पन्नास वर्षे त्याचे फोटो त्याच्या घरच्या अल्बमांत होते.

यातली माझ्या मुद्द्याची गोष्ट पुढे आहे. लार्तीगने या फोटोखाली १९१२ साल आणि देलाज गाडी अशी नोंद केली होती. पुढे अभ्यासकांनी ताडून पाहिले तर गाडी श्नायडर कंपनीची निघाली आणि शर्यत १९१३ची. हे कळले कशावरून? गाडीवर रंगवलेला ६ हा आकडा फोटोत शाबूत होता म्हणून. त्या मुलाने आपल्या आवडीखातर तो आकडा खरवडून काढला असता तर चूक आजही तशीच राहिली असती. आज आपण नंबरप्लेट पुसतो ती खासगीपणासाठी, आणि लोकांना दाखवायच्या प्रतीत ती पुसायलाच हवी. मूळ प्रतीत ती राहू द्यावी एवढेच म्हणणे.

गोव्यात तर नंबरप्लेट म्हणजे साक्षात कालदर्शिका. मुक्तीनंतर गोवा, दमण आणि दीव एकत्र होते तेव्हा गाड्यांवर ‘जीडी’पासून सुरू होणाऱ्या पाट्या आल्या. नवा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि ‘जीए’ सुरू झाले. जुना फोटो हातात आला की पाटीवरून काळाचा अंदाज बांधता येतो. १९२८ मध्ये पोर्तुगालने रस्त्याची उजवी बाजू धरली, गोव्याने मात्र डावीच ठेवली. शेजारी ब्रिटिश हिंदुस्थान, दुसरे काय करणार? म्हणून निगेटिव्ह उलटी छापली गेली असेल तर जाणकार ते रस्त्याच्या बाजूवरून ओळखतो. आज मोबाइलवर एका बोटाने फोटो आडवा उलटवता येतो आणि हा पुरावा त्याच बोटाने मोडतो.

पोर्तुगीज अमदानीत गोव्यात परदेशी गाड्या आणणे भारताच्या मानाने फार सोपे होते. पन्नाशीच्या दशकात लोहखनिजाचा पैसा आला आणि युरोप-अमेरिकेतल्या गाड्या इथल्या अरुंद रस्त्यांवर दिसू लागल्या. मर्सिडीज टॅक्सी म्हणून धावायची, हे मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांना खरे वाटत नसे. त्याच सुमारास मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीत फियाट बनत होती आणि तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. गाडी दारात आली की पहिला फोटो ठरलेला: बॉनेटवर हार, काचेवर कुंकवाचे स्वस्तिक, घरची माणसे एका रांगेत, एखादा पोरगा टपावर. निगेटिव्हवर पेन्सिलीने डाग झाकायची विद्या स्टुडिओवाल्यांकडे होती, पण ती चेहऱ्यांपुरती. मागचे अंगण, माडाचे झाड, शेजाऱ्याची सायकल जशीच्या तशी राहायची. आज त्या फोटोंत आपण गाडीइतकेच ते अंगण पाहतो.

खोटेपणाचा मक्ता संगणकाकडे नाही, हेही सांगायला हवे. १९५९ पासून डझनभर वर्षे अमेरिकेतल्या पाँटियाक गाड्यांच्या जाहिराती फिट्झपॅट्रिक आणि कॉफमन ही चित्रकार जोडी रंगवत होती. त्यांनी गाड्या मुद्दाम होत्या त्यापेक्षा रुंद काढल्या आणि गिऱ्हाइकांना त्या आवडल्या. १९९० मध्ये फोटोशॉप आले, २०११ मध्ये स्नॅपसीड, आणि जाहिरातवाल्यांची ही कला कॉलेजच्या पोराच्या खिशात आली. त्यातून काही खरोखर सुंदर कामे होतात. गाडीला व्हॅक्यूम कप लावून लांब दांडा बसवायचा, दांड्याच्या टोकाला कॅमेरा, इंजिन बंद, दोन मित्रांनी मागून गाडी हळू ढकलायची आणि शटर तीन-चार सेकंद उघडे ठेवायचे. रस्ता धूसर वाहतो, गाडी मात्र काटेकोर स्पष्ट. मग संगणकावर दांडा पुसायचा. दांडा पुसणे सोपे, बॉनेटवर पडलेले त्याचे प्रतिबिंब पुसणे कठीण. त्यासाठी आधी दांड्याशिवाय एक फोटो घेऊन ठेवतात. ताशी चार-पाच किलोमीटरने ढकललेली गाडी शंभराने धावल्यासारखी दिसते. हा प्रकार मला त्या दुसऱ्या उद्योगापेक्षा हजार पटींनी बरा वाटतो, ज्यात महामार्गावर गाडीच्या उघड्या डिकीत बसून मागच्या गाडीचा फोटो काढतात. तो थांबलाच पाहिजे. जीव जातो त्यात.

पेडणे आणि डिचोली तालुक्यांत ही पुसापुशी जास्त महागात पडते, कारण इथे जमीनच पालटते आहे. मोप्याच्या सड्यावर विमानतळाचा पायाभरणी समारंभ १३ नोव्हेंबर २०१६ रोजी झाला, ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. सडा काय होता हे ज्यांनी पाहिले त्यांच्या डोळ्यांत आहे. महामार्ग ६६ रुंद झाला तेव्हा पत्रादेवीपासून कोलवाळपर्यंत जुनी वळणे, झाडे, चहाचे गाडे गेले. शिवोली आणि चोपडे यांच्यामध्ये पूल होण्यापूर्वी गाड्या फेरीबोटीतून शापोरा ओलांडत. डिचोली, साखळी, उसगावच्या रस्त्यांवर खनिजाच्या ट्रकांची रांग आणि तांबडी धूळ होती. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या आणि रांग एकाएकी नाहीशी झाली. खाणी चालू होत्या त्या वर्षांत त्या भागात उभ्या केलेल्या कोणत्याही गाडीच्या चाकांच्या कमानीत ती धूळ बसलेली असे. फोटो चकचकीत करताना पोरांनी पहिल्यांदा पुसली ती हीच.

गाडीवेड्यांनी ठरवून केलेली नसली तरी या बदलाची सगळ्यांत मोठी नोंद त्यांच्याकडेच असणार. माणूस शेताचा फोटो सहसा काढत नाही, रस्त्याच्या वळणाचा काढत नाही. गाडीचा मात्र काढतो, पुन्हा पुन्हा काढतो, आणि शेत व वळण आपोआप मागे येते. वार्ताहराचा कॅमेरा अपघात झाला, मोर्चा निघाला की पोचतो. साधा सोमवार टिपणारा हौशीच असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोझा आणि पॉल यांनी काढलेले गोव्याचे फोटो आज आपण पाहतो ते इमारतींसाठी कमी आणि त्यांच्या आसपासच्या मोकळ्या जागांसाठी जास्त.

कुणी म्हणेल, फोटो माझा, गाडी माझी, इतिहासाचे ओझे माझ्या डोक्यावर कशाला? बरोबर आहे. दाखवायच्या प्रतीत हवे ते करावे. खांब काढावा, ढग आणावेत, गाडी जांभळी करावी. मागणी फार लहान आहे. कॅमेऱ्यातून निघालेली रॉ फाइल वेगळ्या डिस्कवर ठेवावी, फाइलीच्या नावात गाव आणि तारीख लिहावी, आणि मोबाइलने आपण होऊन नोंदवलेले ठिकाण निदान त्या प्रतीतून काढू नये. कापण्याआधीची पूर्ण चौकट ठेवावी, कारण पुढे लागणारी गोष्ट बहुतेक वेळा कापलेल्या कडेतच असते.

सरकारी बाजूनेही थोडे काम आहे. पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जुनी वृत्तपत्रे जपली जातात. तिथेच लोकांच्या मूळ डिजिटल फोटोंसाठी एक कप्पा उघडता येईल. नंबरप्लेट आणि चेहरे ठरावीक वर्षे बंद ठेवण्याची अट घालता येईल, म्हणजे देणाऱ्याला भीती नाही. सुरुवात पेडणे तालुक्यापासून करावी आणि पहिल्यांदा मागावेत ते २०१६ पूर्वी मोप्याच्या सड्यावर आणि जुन्या महामार्गावर काढलेले फोटो. ते अजून घरोघरी जुन्या हार्ड डिस्कांवर आहेत. त्या डिस्का दहा वर्षांच्या होत आल्या, आणि त्यांतल्या काही पुढच्या चवथीला लावल्या तर चालू होणार नाहीत.