मूल अडखळत वाचतंय? वाचनाबरोबर आवाजांचीही तपासणी हवी

सध्या शाळेच्या पालक सभेत ‘निपुण’ हा शब्द वारंवार कानावर पडतो. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी निपुण भारत अभियान सुरू केलं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधी गणितं करता यावीत, हे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत गाठायचं आहे. तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत, अशी त्यातली अपेक्षा आहे. म्हणून शिक्षक आता एकेका मुलाचं वाचन ऐकतात. त्यानंतर काही पालकांना निरोप मिळतो: “तुमचं मूल वाचनात मागे आहे.”

हा निरोप घेऊन पालक माझ्याकडे येतात. कुणी डोळे तपासायला सांगतं, कुणी बुद्धीचं टॉनिक मागतं. “आळशी आहे, बाकी काही नाही,” असं म्हणणारेही बरेच असतात. मूल वाचत नाही हे शाळेच्या चाचणीतून कळतं, पण का वाचत नाही हे त्यातून कळत नाही. उपाय मात्र कारणावरच ठरतो.

गर्दीत लपलेलं मूल

‘असर २०२४’ या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. न वाचणाऱ्या या सगळ्या मुलांना काही आजार नाही. बहुतेकांना पुरेसं आणि नीट शिकवलं गेलेलं नसतं. शाळा बुडणं, गाव बदलणं, घरची भाषा वेगळी असणं हीसुद्धा कारणं असतात.

पण याच गर्दीत काही मुलं अशी असतात, की चांगलं शिकवूनही त्यांना अक्षर आणि आवाज यांची जोडी जमवता येत नाही. याला डिस्लेक्सिया म्हणतात. अशी मुलं बोलण्यात, खेळण्यात, व्यवहारात हुशार असू शकतात. वर्गातली बरीच मुलं मागे असली की हे मूल वेगळं दिसत नाही. बाकीची हळूहळू पुढे जातात, ते मागेच राहतं, आणि पाचवी-सहावीत ‘ढ’ ठरतं.

आवाजांची तपासणी म्हणजे काय?

वाचन डोळ्यांनी होतं असं आपल्याला वाटतं. खरं तर मेंदू अक्षर पाहून त्याचा आवाज आठवतो, आवाज जोडतो आणि त्यातून शब्द ओळखतो. ही आवाज हाताळण्याची क्षमता तज्ज्ञ तीन भागांत तपासतात. यात मुलाला बहुतेक तोंडीच उत्तरं द्यायची असतात.

* आवाजांची जाण: ‘पान, कान, दार’ यात वेगळा शब्द कोणता? ‘कमळ’मधून ‘क’ काढला तर काय उरतं? ‘मीठ’मधल्या ‘म’च्या जागी ‘प’ घातला तर कोणता शब्द होतो? शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड, कारण त्यात अक्षराच्या आतला आवाज वेगळा करावा लागतो.
* आवाजांची तात्पुरती आठवण: ‘तमोकिळा’सारखा अर्थ नसलेला शब्द ऐकून लगेच तसाच म्हणायचा. शब्द ओळखीचा नसल्याने इथे पाठांतर कामी येत नाही.
* नाव आठवण्याचा वेग: घर, मासा, फूल, बस अशी ओळखीची चित्रं ओळीने भराभर सांगायची. काही मुलांना सगळी नावं येतात, पण ती ओठांवर यायला वेळ लागतो. अशा मुलांचं वाचनही संथ राहतं.

तुम्ही लहानपणी ‘च’ची भाषा बोलला असाल: ‘मला’चं ‘चलाम’, ‘कमळ’चं ‘चमळक’. शब्दाचे तुकडे करून त्यांची जागा बदलण्याचा हा खेळ म्हणजे आवाजांच्या जाणिवेचाच सराव आहे. भेंड्यांमध्ये शेवटचं अक्षर पकडणं हाही तोच सराव.

तपासणीतून शेवटी निघते ती मुलाची आवाजांची बाजू: कुठला भाग कमकुवत आहे, कुठला भक्कम. ती बुद्धीची परीक्षा नाही. एका चाचणीवरून डिस्लेक्सियाचं निदानही होत नाही. पण मदत कुठून सुरू करायची, हे त्यातून कळतं.

भिवंडीतला खरा प्रश्न: तपासणी कोणत्या भाषेत?

आपल्या शहरात यंत्रमागांच्या कामासाठी अनेक प्रांतांतली माणसं आली. एकाच गल्लीत मराठी, उर्दू, भोजपुरी आणि तेलुगू बोलणारी घरं आहेत. घरी एक भाषा, शाळेत दुसरी आणि शिकवणीत इंग्रजी, असं अनेक मुलांचं चालतं.

अशा मुलाची तपासणी फक्त इंग्रजीत केली तर निकाल फसवा येऊ शकतो. इंग्रजीत एकेका ध्वनीवर भर असतो. मराठी लिपीत व्यंजन आणि स्वर एकाच अक्षरात बसतात, म्हणून आपली मुलं आधी अक्षराचा तुकडा ओळखतात आणि आतला सुटा आवाज नंतर. मात्रा आणि जोडाक्षरं पक्की व्हायलाही काही वर्षं जातात. उर्दूत जबर, जेर, पेश ही चिन्हं छापलेल्या मजकुरात बहुधा नसतात, त्यामुळे ओळखीचे शब्द कमी असलेलं मूल तिथे जास्त अडखळतं.

चुकांचा अर्थही भाषेप्रमाणे बदलतो. घरी हिंदी बोलणाऱ्या मुलाने ‘बाळ’ऐवजी ‘बाल’ किंवा ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ लिहिलं तर तो आजार नव्हे. त्याच्या घरच्या बोलीत ‘ळ’ नाही आणि ‘ण’ही फारसा ऐकू येत नाही. पण हेच मूल आपल्या घरच्या भाषेतही यमक ओळखू शकत नसेल, शब्दातले आवाज मागेपुढे करत असेल, तर ते गांभीर्याने घ्यायला हवं. म्हणून तपासणाऱ्याला एक गोष्ट आवर्जून सांगा: मूल घरी कोणती भाषा बोलतं आणि कोणती भाषा किती वर्षं शिकतंय.

भारतीय भाषांसाठी साधनं तयार होत आहेत. मानेसर इथल्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये ‘डाली’ हा चाचणीसंच आणला. तो हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या भाषांत तयार झाला. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी ही मोठी सोय आहे. मात्र त्या पहिल्या संचात उर्दू आणि तेलुगू नव्हत्या, आणि भिवंडीसाठी ही उणीव लहान नाही.

भाषांवरून राज्यात मोठा वादही झाला. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याचे शासन निर्णय सरकारने २९ जून २०२५ रोजी मागे घेतले. या वादात पालकांनी एक गैरसमज करून घेऊ नये. घरी दोन-तीन भाषा बोलल्याने डिस्लेक्सिया होत नाही. घरची भाषा बंद करू नका. मात्र वाचनाची सुरुवात मूल ज्या भाषेत सहज बोलतं त्या भाषेत झाली, तर ती सोपी जाते.

कायदा काय देतो आणि कुठे उशीर होतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. मुलांमधली ही अडचण लवकरात लवकर ओळखून शिकवण्याचे योग्य उपाय करावेत, असं कलम १६ सांगतं. दहावीच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक अशा सवलती महाराष्ट्रात १९९६ पासून आहेत. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळांमध्ये जी तपासणी होते, तिच्या यादीतही शिकण्यातल्या अडचणी आहेत.

अडचण वयाची आहे. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रमाणपत्र आठ वर्षांनंतरच मिळतं. त्यामागे कारण आहे: वाचायला पुरेसं शिकवल्याशिवाय निदान पक्कं करता येत नाही. पण व्यवहारात याचा अर्थ असा लावला जातो, की आठ वर्षांपर्यंत काही करायचंच नाही. ही समजूत मुलांना महागात पडते. यमक आणि अक्षरांचे तुकडे सहाव्या वर्षीही तपासता येतात, आणि पहिली-दुसरीत दिलेली मदत नंतरच्या मदतीपेक्षा जास्त लागू पडते. प्रमाणपत्र सवलतींसाठी लागतं. मदत सुरू करायला कुठल्याही कागदाची गरज नाही.

तुम्ही काय कराल?

१. आधी कान, मग डोळे. कान वारंवार वाहत असेल किंवा पडद्यामागे पाणी साठत असेल, तर ‘प’ आणि ‘ब’मधला फरक मुलापर्यंत नीट पोहोचतच नाही. घराला लागून लूम चालत असेल, तर त्या खडखडाटात असे बारीक फरक ऐकणं आणखी कठीण. कानाची ऑडिओमेट्री आणि डोळ्यांची तपासणी करून घ्या. मूल फिकट, थकलेलं दिसत असेल तर हिमोग्लोबिनही पाहा.

२. घरातला इतिहास सांगा. “मलाही वाचता येत नव्हतं, म्हणून शाळा सोडली,” असं एखादे वडील सहज बोलून जातात. डिस्लेक्सिया कुटुंबात चालत येतो. त्यामुळे हे लाजून लपवू नका, डॉक्टरांना सांगा. मूल उशिरा बोलायला लागलं असेल तर तेही सांगा.

३. शाळेला लेखी विचारा. समावेशित शिक्षणासाठी नेमलेल्या विशेष शिक्षकांकडून मुलाची पाहणी व्हावी, असा साधा अर्ज मुख्याध्यापकांना द्या आणि त्याची पोच घ्या.

४. योग्य माणसाकडे जा. ही तपासणी वाचा-भाषा तज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा विशेष शिक्षक करतात. माझ्यासारखा फॅमिली डॉक्टर फक्त दिशा दाखवतो. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन अक्षमतेसाठी क्लिनिक आहे. ऐकण्या-बोलण्याच्या तपासणीसाठी वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. वह्या, प्रगतिपुस्तक आणि आधीचे रिपोर्ट सोबत न्या. एका फेरीत काम होत नाही, हे धरून चला.

५. घरी रोज पंधरा मिनिटं द्या. यमक जुळवा, टाळ्या वाजवत शब्दाचे तुकडे करा, भेंड्या खेळा. या खेळांना वाचता येणं लागत नाही. आईला लिहिता-वाचता येत नसलं तरी ती भाजी निवडताना आपल्या भाषेत हे करू शकते. मूल शाळेत जाऊ लागलं असेल तर आवाजाबरोबर अक्षरही दाखवा, कारण नुसत्या तोंडी खेळांपेक्षा दोन्हीची जोडी जास्त उपयोगी पडते.

६. पैसे कुठे घालवू नयेत. डिस्लेक्सिया बरा करणारं औषध किंवा टॉनिक नाही. रंगीत काचांचे चष्मे आणि डोळ्यांचे व्यायाम यांनी वाचन सुधारतं याला भक्कम आधार नाही. तेच पैसे चांगल्या विशेष शिक्षकावर खर्च करा.

थांबू नका

पहिलीच्या शेवटी मुलाला यमक कळत नसेल, बरीचशी अक्षरं आणि त्यांचे आवाज जुळत नसतील, किंवा दुसरीत गेल्यावरही साधे दोन-तीन अक्षरी शब्द दरवेळी नव्याने जोडावे लागत असतील, तर “मोठं झालं की येईल” म्हणून वाट पाहू नका. वाचायला लागताच पोट दुखणं, शाळेत जायला रडणं, दप्तर लपवणं हीदेखील लक्षणं समजा. असं मूल बहुतेक वेळा नाटक करत नसतं. रोज वर्गात सगळ्यांसमोर न जमणारी गोष्ट करून दाखवण्याची त्याला भीती बसलेली असते. त्याला मारू नका, भावंडांशी तुलना करू नका. पुढच्या वर्षाची वाट न पाहता या महिन्यात कान तपासून घ्या आणि शाळेत अर्ज द्या.