पाजा, पण सांगून पाजा

महाराष्ट्रात माणसाला घोटभर घ्यायची तर कायद्यानं परवाना लागतो. 1949 चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे. माझ्याजवळ तो परवाना नाही, कारण मी घेत नाही. पण माझी स्कूटर घेते! तीही भर रस्त्यात, गणवेशातल्या माणसाच्या हातून. तिला कोण परवाना विचारतो? 2003 साली पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल घालायला सुरुवात झाली, 2022 मध्ये दहा झालं, 2025 मध्ये वीस. व्यसन असंच वाढतं म्हणतात.

इथेनॉल म्हणजे तेच हो, बाटलीतलं. उसाच्या मळीचं नाहीतर मक्याचं; फक्त पिण्याजोगं ठेवलेलं नसतं. त्यात मुळातच ऑक्सिजन असल्यामुळे पेट्रोल पुरतं जळतं आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड घटतो. निम्मं आयुष्य सिग्नलपाशी खोकत काढलेला मी त्याविरुद्ध कशाला बोलू? शिवाय परदेशी तेलाचे पैसे वाचतात, शेतकऱ्याच्या उसाला गिऱ्हाईक मिळतं. झकास!

माझं भांडण आहे ते हिशेबाचं. लिटरभर इथेनॉलमध्ये लिटरभर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ताकद कमी. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच लिहिलं होतं, की वीस टक्क्यांच्या मिश्रणानं जुन्या बांधणीच्या दुचाकीचं मायलेज तीन-चार टक्क्यांनी आणि मोटारीचं सहा-सात टक्क्यांनी उतरेल. त्याच अहवालात असंही होतं, की भरपाई म्हणून हे पेट्रोल स्वस्त द्यावं. पैकी मायलेज वेळेवर उतरलं. भाव उतरायचा राहिला.

आमचा गवळी दुधात पाणी घालतो, पण निदान घालताना पाठ तरी फिरवतो. "पावसाळ्यात म्हशीच पातळ देतात हो," असं काहीतरी कारणही देतो. परवा मी पंपावरच्या पोऱ्याला विचारलं, "यात इथेनॉल किती टक्के?" तो म्हणाला, "काका, किती रुपयांचं टाकू?"

ब्राझीलनं हा उद्योग 1975 साली आरंभला. तिथे पंपावर मिश्र पेट्रोल वेगळं, नुसतं इथेनॉल वेगळं आणि भावही वेगळे. इथेनॉल पेट्रोलच्या सत्तर टक्के भावाच्या खाली असलं तरच परवडतं, हा पाढा तिथल्या गाडीवाल्याला तोंडपाठ. आपल्याकडे बिनमिसळीचं पेट्रोलही ठेवा आणि पंपावर टक्क्यांची पाटी लावा, असं मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर 2025 मध्ये फेटाळली. न्यायालयापुढे मी पामर काय बोलणार? पण पाटी लावायला न्यायालयाचा हुकूम कशाला लागतो? रंगाचा डबा आणि ब्रश पुरे!

तेव्हा मिसळा, खुशाल मिसळा. पण किती मिसळलंत ते ठळक लिहा आणि ताकद कमी तिथे पैसे कमी घ्या. देशसेवेला माझी ना नाही. फक्त वर्गणी दिल्यावर पावती मागितली, तर डोळे वटारू नका. अहो, आमच्या गल्लीतली गणपतीची पोरंसुद्धा पावती देतात!